ब्लॉगचं इंजिन स्वतः लिहिताना: काय मोडलं तरी चालतं, काय नाही

ब्लॉगचं सॉफ्टवेअर दिसायला अगदी किरकोळ. मजकुराची फाइल घ्यायची, तिचं वेब-पान करायचं आणि पहिल्या पानावर यादी लावायची. सराईत प्रोग्रामर हे दोन-तीनशे ओळींत उभं करतो आणि ते चालतंही. अवघड भाग येतो पुढे, सुधारणा करायला बसल्यावर. तोवर दोनशे नोंदी साचलेल्या असतात. त्यांचे दुवे लोकांनी कुठेकुठे दिलेले असतात, शोधयंत्रांनी ते टिपलेले असतात, आणि फीड (नव्या नोंदींची प्रोग्रामांसाठी ठेवलेली यादी) वाचणारे प्रोग्राम दिवसभर येऊन डोकावत असतात.

घरातली भिंत पाडायला कुणाला विचारावं लागत नाही, पण दारावरचा नंबर बदलला की टपाल चुकतं. ब्लॉगच्या इंजिनात असे नंबर दोनच: पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, आणि फीडमधली प्रत्येक नोंदीची ओळख. बाकी भाषा, टेम्पलेट (पानाचा साचा), साठवण्याची पद्धत सगळं एका रात्रीत बदला, बाहेर कुणाला काही कळणार नाही. म्हणून या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नीट ठरवाव्यात आणि उरलेल्या सगळ्या खुशाल कच्च्या ठेवाव्यात.

पानं आधी करून ठेवायची की मागितल्यावर?

मूव्हेबल टाइप हे २००१ चं सॉफ्टवेअर पानं आधीच तयार करून ठेवायचं. नोंदी वाढल्या की प्रत्येक बदलानंतर सगळी पानं पुन्हा बनवण्यात बराच वेळ जायचा. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने उलटा मार्ग धरला. मजकूर डेटाबेसमध्ये ठेवायचा आणि कुणी पान मागितलं की त्या क्षणी पीएचपी या भाषेतल्या प्रोग्रामने ते जुळवायचं. २००८ मध्ये जेकिल आणि २०१३ मध्ये ह्यूगो आले आणि आधी करून ठेवलेल्या पानांची पद्धत परतली, कारण तोवर संगणक इतके वेगवान झाले होते की हजार पानं बनवणं ही तक्रारीची गोष्ट उरली नव्हती.

एकट्याने लिहिण्याच्या ब्लॉगला आधी तयार केलेली पानंच बरी. सर्व्हरला फक्त फाइल उचलून द्यायची असते. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे रात्री तीनला बंद पडण्यासारखंही फारसं काही नाही. एक गोष्ट मात्र हातची जाते. उद्याची तारीख टाकलेली नोंद उद्या आपोआप प्रकाशित होत नाही, तिच्यासाठी क्रॉनने, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने, ठरावीक वेळी बिल्ड (सगळी पानं बनवण्याची प्रक्रिया) चालवावी लागते.

इथेच तारखेची पहिली ठेच लागते. समजा, नोंदीवर १ जानेवारी २०२५, रात्री साडेबारा अशी वेळ आहे आणि तुमचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. बिल्ड चालवणारा सर्व्हर यूटीसीवर असेल, तर त्याच्या लेखी ही नोंद ३१ डिसेंबर २०२४, संध्याकाळी सातची. पत्त्यात वर्ष-महिना येत असेल तर तुमच्या लॅपटॉपवर ती २०२५/०१ मध्ये दिसते आणि सर्व्हरवर २०२४/१२ मध्ये. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. फाइलमध्ये वेळेबरोबर +०५:३० सारखा फरक लिहून ठेवावा, आणि पत्त्यातलं वर्ष काढताना यंत्राचा नाही तर तोच फरक वापरावा. त्याहून सोपं म्हणजे पत्त्यात तारीख घालायचीच नाही.

एक नोंद, एक फाइल

फाइलच्या माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये शीर्षक, तारीख, टॅग असा तपशील आणि खाली मजकूर, ही रीत आता सगळीकडे रुळली आहे. तपशील बहुधा यामल या पद्धतीने लिहितात. यामल वाचायला गोड आणि वागायला तिरसट. शीर्षक ‘गाळणी: भाग दुसरा’ असं ठेवलंत की कोलनपाशी ते अडखळतं आणि बिल्ड थांबते. अवतरणात न ठेवलेला १.१० हा आवृत्ती क्रमांक इंग्रजी अंकांत असेल तर तो संख्या समजला जातो आणि १.१ होतो. यामलच्या जुन्या १.१ आवृत्तीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) रोमन लिपीतल्या नुसत्या ‘नो’चा अर्थ ‘असत्य’ असा लावते. तपशिलात पाच-सात साधे रकानेच असतील तर यामल सोडून द्या. प्रत्येक ओळ पहिल्या कोलनवर तोडायची, उजवीकडचं सगळं मजकूर म्हणून घ्यायचं, आणि तारीख तेवढी वेगळी तपासायची. वीसेक ओळींत काम होतं आणि डोकं शांत राहतं.

मजकुरासाठी मार्कडाउन, म्हणजे ठळक अक्षरं, याद्या वगैरे साध्या चिन्हांनी लिहायची रीत. जॉन ग्रुबरने ते २००४ मध्ये आणलं, पण मूळ वर्णनात बऱ्याच जागा मोघम होत्या. एकच मजकूर वेगवेगळ्या लायब्रऱ्या वेगवेगळा दाखवायच्या. २०१४ मध्ये कॉमनमार्क या प्रमाणाने नेमके नियम आणि प्रत्येक नियमाची उदाहरणं लिहून काढली. इंजिन स्वतः लिहा, टेम्पलेट स्वतः लिहा, पण मार्कडाउनचं वाचन-यंत्र स्वतः लिहायला बसू नका. कॉमनमार्क पाळणारी लायब्ररी घ्या.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र दोन खाचखळगे माहीत हवेत. कॉमनमार्कमध्ये क्रमांकाची यादी फक्त 0 ते 9 या अंकांनी सुरू होते. ‘१.’, ‘२.’, ‘३.’ अशा तीन ओळी लिहिल्या तर त्यांची यादी होत नाही, तिन्ही ओळी एका परिच्छेदात गुंडाळल्या जातात. मूळ फाइलमध्ये इंग्रजी अंक वापरा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, यादीचा प्रकार ‘देवनागरी’ ठेवा, पानावर अंक मराठी दिसतील.

दुसरा खळगा ठळक अक्षरांचा. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चांदण्यांच्या (**) आत अवतरणासह शब्द ठेवला आणि लगेच ‘ला’, ‘चा’, ‘ने’ असा प्रत्यय जोडला, तर शेवटच्या चांदण्या ठळकपणा बंद करत नाहीत, तशाच पानावर उमटतात. बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर आलं तर त्या बंद करणाऱ्या मानायच्याच नाहीत, असा नियम आहे. इंग्रजीत शब्दाला असा प्रत्यय क्वचित चिकटतो, आपल्याकडे पावलोपावली. अवतरणचिन्हं चांदण्यांच्या बाहेर घ्या, आत फक्त शब्द ठेवा.

स्लग: सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महाग भाग

पत्त्याच्या शेवटी नोंदीचं जे छोटं नाव येतं त्याला स्लग म्हणतात. बहुतेक जण तो शीर्षकातून आपोआप काढतात. एक छोटं फंक्शन असतं: अक्षरं आणि अंक ठेवायचे, बाकीचं उडवायचं, मोकळ्या जागी आडवी रेघ टाकायची. इंग्रजीसाठी ठीक. देवनागरीत मात्र ‘अक्षर’ कशाला म्हणायचं यावर सगळं अडतं.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारं प्रमाण, त्याच्या हिशेबात म हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही ‘चिन्हं’ आहेत, त्यांचा वर्ग वेगळा. जावास्क्रिप्टच्या नियमित अभिव्यक्तींमधला (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रांमधला) ‘शब्दातलं अक्षर’ हा नेहमीचा गट देवनागरी ओळखतच नाही, त्यामुळे स्लग कोरा निघतो. पायथॉनमधला तोच गट अक्षरं ओळखतो पण मात्रा टाकून देतो. मग ‘माती’, ‘मोती’ आणि ‘मत’ या तिन्ही शीर्षकांचा स्लग एकच होतो: ‘मत’. इंजिनने तपासलं नाही तर तिसरी नोंद आधीच्या दोन नोंदींच्या पानांवर बसते आणि बिल्ड ‘सर्व ठीक’ म्हणून संपते. म्हणून पहिला नियम: दोन नोंदींचा स्लग सारखा आला किंवा कोरा निघाला तर बिल्ड तिथेच थांबली पाहिजे, दोन्ही फाइलींची नावं सांगून. शेवटी ‘-२’ चिकटवून पुढे जाणारं इंजिन लबाड. नोंदी वाचण्याचा क्रम बदलला की ते ‘-२’ दुसऱ्याच नोंदीला लागतं.

देवनागरी स्लग हवाच असेल तर अक्षरं, चिन्हं आणि अंक हे तिन्ही युनिकोड वर्ग ठेवा. त्याआधी मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणा. ‘दुसऱ्या’ हा शब्द बघा. त्यातला ऱ एकाच कोडने लिहिता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन कोडांनी. पडद्यावर फरक शून्य, संगणकाच्या लेखी शब्द दोन. एनएफसी या दोघांना एक करतं. पण तिसरा मार्गही आहे, र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा ‘झेडडब्ल्यूजे’ हा जोडक. काही कीबोर्ड तसंच लिहितात. हा जोडक एनएफसी पुसत नाही. त्यामुळे र-हलन्त-जोडक अशी जोडी सापडली की तिच्या जागी ऱ-हलन्त घालणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते, आणि उरलेले अदृश्य जोडक काढून टाकावे लागतात. हीच चाळणी टॅगलाही लावा, नाहीतर दिसायला सारख्या दोन टॅगखाली नोंदी विभागल्या जातात आणि डोळ्यांनी कितीही पाहिलं तरी कारण सापडत नाही.

लांबीही मोजा. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक कोडला ३ बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे ‘पाऊस’ हा चार कोडांचा शब्द कुठे चिकटवला की ३६ अक्षरांचा होऊ शकतो. लिनक्सच्या एक्स्ट४ फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीचे जेमतेम ८५ कोड. एक लांबलचक शीर्षक तेवढं सहज खातं.

एवढं करण्यापेक्षा स्लग हाताने लिहावा, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, आणि तो फाइलच्या तपशिलात कायमचा नोंदवून ठेवावा. शीर्षक दहादा सुधारा, पत्त्याला धक्का लागत नाही. शीर्षकातून दरवेळी नव्याने स्लग काढणारं इंजिन तुम्ही शुद्धलेखन दुरुस्त केलंत तरी जुना दुवा तोडतं.

तरीही पत्ता बदलावा लागलाच तर तपशिलात ‘जुने पत्ते’ असा रकाना ठेवा आणि बिल्डने त्यातून ३०१ पुनर्निर्देशनांची, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणाऱ्या उत्तरांची, यादी बनवावी. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’, आणि ब्राउझर ते मनावर घेतात, कितीतरी दिवस लक्षात ठेवतात. चुकीचं ३०१ मागे घेणं त्रासाचं, म्हणून आधी ३०२, म्हणजे ‘तात्पुरतं स्थलांतर’, लावून तपासा. मुद्दाम काढून टाकलेल्या नोंदीसाठी ४१० असतो, ‘होतं, आता नाही’.

फीड

फीडचं पान कुणी माणूस बघत नाही, म्हणून त्यातल्या चुका महिनोन्‌महिने राहतात. फीड लिहिण्याच्या दोन पद्धतींपैकी आरएसएसऐवजी अ‍ॅटम निवडा. त्याचे नियम डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४२८७ या प्रमाण दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहेत. तारखेचंच बघा. आरएसएसमध्ये महिन्याचं नाव इंग्रजीत लिहावं लागतं. पानावर मराठी महिने दिसावेत म्हणून तुम्ही प्रोग्रामची भाषा मराठी केलीत की फीडमध्येही ‘जानेवारी’ जाऊन बसतो आणि तारीख वाचणारे प्रोग्राम गोंधळतात. अ‍ॅटमची तारीख नुसत्या आकड्यांची, तिथे हा प्रश्न येत नाही.

प्रत्येक नोंदीला एक ओळख द्यावी लागते आणि ती कधीही बदलायची नसते. बरेच जण तिथे पानाचा पूर्ण पत्ताच घालतात. मग एक दिवस ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ होतं, सेटिंगमध्ये एक अक्षर वाढतं, सगळ्या ओळखी बदलतात, आणि प्रत्येक वाचकाच्या फीड-रीडरमध्ये जुन्या वीस नोंदी नव्या म्हणून पुन्हा येतात. नोंद पहिल्यांदा बनताना एक यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब क्रमांक) तयार करून फाइलच्या तपशिलातच लिहून ठेवा. मग डोमेन बदला, स्लग बदला, ओळख तीच राहते.

फीडच्या माथ्यावर ‘शेवटचा बदल’ म्हणून बिल्डची वेळ घालू नका. सर्व्हर फाइलवरून ईटॅग, म्हणजे त्या प्रतीची खूण, काढतो आणि रीडर विचारतो, ‘माझ्याकडची प्रत अजून चालेल का?’ काही बदललं नसेल तर ३०४ असं छोटं उत्तर जातं. बिल्डची वेळ घातली की प्रत्येक बिल्डला फाइल बदलते आणि सगळे जण तीच फीड पुन्हा पूर्ण उतरवतात. नोंदींपैकी सर्वांत अलीकडच्या बदलाची वेळ घाला, तीच खरी.

मजकुरातली चित्रं आणि दुवे पूर्ण पत्त्याचे करा, रीडरमध्ये अर्धवट पत्ता कुठेच पोचत नाही. आणि एक छुपा शत्रू: वर्ड प्रोसेसरमधून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी न दिसणारं नियंत्रण-चिन्ह येतं. फीड ज्या एक्सएमएल १.० पद्धतीत लिहितात, तिच्यात स्पेसच्या खालच्या (तिच्याहून लहान कोडच्या) चिन्हांपैकी टॅब आणि ओळ तोडणारी दोन एवढीच चालतात. बाकी एक जरी आलं तरी बिघाड त्या एका नोंदीपुरता राहत नाही, सगळी फीडच अवैध ठरते. फाइल वाचतानाच ती गाळून टाका.

बिल्ड

क्रम साधा ठेवा: सगळ्या फाइली वाचा, कच्च्या नोंदी वगळा, क्रम लावा, पानं लिहा. कच्च्या नोंदी वगळण्याचं काम एकाच जागी, वाचल्या वाचल्या झालं पाहिजे. ते पहिल्या पानाच्या टेम्पलेटमध्ये केलं की अर्धवट नोंद टॅगच्या पानावरून किंवा फीडमधून बाहेर पडते, आणि फीडमधून गेलेलं परत बोलावता येत नाही.

नुसतं बदललेलंच बनवावं ही इच्छा प्रत्येकाला होते. थांबा. एका नोंदीला ५ मिलिसेकंद धरले तर हजार नोंदी ५ सेकंदांत होतात. बदललेलंच बनवायचं तर एका शीर्षकामागे किती पानं येतात ते बघा: नोंदीचं पान, पहिलं पान, महिन्याचं पान, प्रत्येक टॅगचं पान, फीड, आणि ‘मागील-पुढील’ दुव्यांमुळे शेजारच्या दोन नोंदी. हे शेजारी हमखास विसरले जातात. फाइल केव्हा बदलली हे तिच्या वेळेवरून ठरवणंही फसवं, कारण गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) ती वेळ जपत नाही आणि नव्याने क्लोन केलं, म्हणजे सगळ्याची नवी प्रत उतरवली, की सगळ्याच फाइली ताज्या दिसतात.

मधला मार्ग स्वस्त आहे. मार्कडाउनचं एचटीएमएल (वेब-पानाची भाषा) करणं हा महागडा टप्पा, तेवढंच साठवा. किल्ली म्हणून मजकुराचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा छोटा ठसा) आणि त्याला जोडून लायब्ररीची आवृत्ती घ्या. आवृत्ती विसरलात तर लायब्ररी बदलूनही जुनीच पानं निघत राहतील. बाकी सगळं दरवेळी नव्याने बनवा.

पानांना क्रमांक देतानाही एक युक्ती आहे. पान १ वर नव्या दहा नोंदी, पान २ वर त्याआधीच्या, असं केलं की एक नवी नोंद आली तरी प्रत्येक पान एका घराने सरकतं. उलटीकडून मोजा: सर्वांत जुन्या दहा म्हणजे पान १. जुनी पानं कायमची गोठतात, वरचंच काय ते बदलतं.

बिल्ड नेहमी रिकाम्या फोल्डरमध्ये करा. जुन्याच फोल्डरवर लिहीत गेलात तर काढून टाकलेल्या नोंदीचं पान तिथेच राहतं आणि लोकांना दिसत राहतं. बिल्ड यशस्वी झाली की सर्व्हरवर चालू फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा नव्या फोल्डरकडे वळवा. दुवा पुसून नवा करण्याऐवजी शेजारी दुसरा बनवून त्याचं नाव बदला. नाव बदलणं एका झटक्यात होतं, मध्ये ‘पान सापडत नाही’ असा क्षण येत नाही.

सीएसएसच्या नावात तिच्या हॅशची पहिली आठ अक्षरं घाला आणि ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर, ती साठवायला ब्राउझरला सांगा. एचटीएमएलसाठी मात्र त्याला दरवेळी सर्व्हरला विचारायला लावा. जुनी सीएसएस लगेच पुसू नका, कुणाच्या ब्राउझरमध्ये कालचं पान अजून उघडं असतं.

सुधारणा करताना

इंजिनमध्ये हात घालण्याआधी जुन्या इंजिनने एक बिल्ड करून बाजूला ठेवा. बदल करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा, आणि दोन फोल्डरांमधला फरक डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने बघा. फक्त आतली मांडणी बदलली असेल तर फरक शून्य आला पाहिजे. टेम्पलेटची एक ओळ बदलली असेल तर प्रत्येक पानात तीच एक ओळ दिसली पाहिजे. कुठे फाइल गायब दिसली तर तो तुटलेला पत्ता. शेकडो चाचण्या लिहून जे मिळत नाही ते या एका आज्ञेत मिळतं.

पण त्यासाठी एकाच मजकुरातून दरवेळी तेच, बाइटनबाइट तेच, निघायला हवं. पानाच्या तळाशी बिल्डची वेळ छापू नका. फोल्डरमधल्या फाइलींचा क्रम यंत्रागणिक बदलतो, तेव्हा तो स्वतः लावा. एकाच तारखेच्या दोन नोंदी असतील तर कोण आधी हे स्लगवरून ठरवा. टॅगची यादी वर्णानुक्रमाने लिहा. मग डिफमध्ये दिसतो तो फरक तुम्ही केलेलाच असतो.

नवी आवृत्ती चढवल्यावर सर्व्हरच्या लॉगमधले (नोंदवहीतले) ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ हे उत्तर गेलेले पत्ते, दोन-तीन दिवस बघा. त्यातले बहुतेक कचरा असतात, वर्डप्रेसचं लॉगिनचं पान शोधत फिरणारे बॉट तुमच्याकडे वर्डप्रेस नसलं तरी येतातच. ते वगळून उरलेल्या पत्त्यांची आधी बाजूला ठेवलेल्या बिल्डशी गाठ घाला. त्यातला एखादा तिथे सापडला तर त्या नोंदीच्या ‘जुने पत्ते’ रकान्यात एक ओळ घाला आणि पुन्हा बिल्ड करा.